रशियाचा खार

माझ्या भाच्यानं रशियातून दोन गोष्टी आणल्या: डॉक्टरकीची पदवी आणि लोणच्याचं सूप. पदवी इकडं चालावी म्हणून सरकारनं वेगळी परीक्षा ठेवली आहे. ती त्यानं दिली आणि पासही झाला. सूपासाठी मात्र तशी काही परीक्षा नाही, आणि सरकारचं दुर्लक्ष होतं ते नेमकं अशाच ठिकाणी.

भाचा म्हणजे सुमित, माझा धाकटा भाऊ प्रल्हाद याचा मुलगा. ही मंडळी अंबडला राहतात आणि मी जालन्याला. त्यांच्या घरात काही महत्त्वाचं घडायचं असलं की मी एसटी पकडून अंबडला जाते. मला बोलावलेलं असतंच असं नाही, पण त्या घरात अक्कल बाहेरूनच न्यावी लागते (हे मी प्रल्हादसमोरही म्हणते, तो "बरं" म्हणतो). प्रल्हादला कशातच काही कळत नाही, आणि खाण्यात तर नाहीच नाही. एकदा त्याच्या ताटात भाजी वाढायचीच राहिली, तरी "बरं झाल्तं जेवण" म्हणून तो हात धुवायला गेला. त्याची बायको सुमन स्वभावानं गरीब. तिच्या भाजीत मीठ असतं, पण ते भाजीला माहीत नसतं.

माझं तसं नाही. माझं कैरीचं लोणचं एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या लोणच्याला हात लावताना आधी माझी आठवण काढतो. जालन्यात आमच्या शेजारी मारवाडी कुटुंब राहतं. तिथल्या भाभींच्या लोणच्यात कलौंजी असते, म्हणजे कांद्याच्या बियांसारखे दिसणारे काळे कुळकुळीत दाणे. ती युक्ती मी उचलली, तिला आपल्या तळलेल्या मेथीची आणि हिंगाची जोड दिली, आणि आता भाभीच माझ्याकडून वाटी भरून नेतात. असलं लोणचं अख्ख्या जिल्ह्यात दुसरीकडं मिळायचं नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायला मला वेळ नसतो.

तर अशा बाईला सुमितनं एक दिवस सांगितलं, की रशियात लोणच्याचं सूप करतात. नाव रसोल्निक. मला आधी वाटलं, रस्स्याचाच काही प्रकार असेल. पण नाही. काकड्या मिठाच्या पाण्यात बुडवून आंबवायच्या, त्यात लसूण घालायचा आणि शेपू घालायचा. शेपू! ज्या भाजीवरून आपल्याकडं घराघरात भांडणं होतात, ती. मग त्या काकड्या चिरून सूपात टाकायच्या आणि वर ते आंबलेलं पाणीसुद्धा ओतायचं. पुढं त्यानं धान्याचं, भाज्यांचं बरंच काही सांगितलं, पण आंबलेल्या पाण्याशीच माझं ऐकणं संपलं होतं. (त्या धान्यात त्यानं जव, म्हणजे बार्ली, सांगितली होती. हे मला फार उशिरा कळलं.)

"रसोल म्हणजे खार, आत्या," तो म्हणाला. "सगळी चव त्या खारातच असती."

"खार काय असतो ते तू मला शिकवू नको," मी म्हणाले.

खार म्हणजे मुरलेल्या लोणच्याला सुटलेला तेलातिखटाचा रस. तो भाकरीवर घेतला की भाजी नसली तरी चालतं. काकडीच्या गढूळ पाण्याला खार म्हणायचं म्हणजे माझ्या बरणीचा अपमान होता. त्यात मी उत्सुकतेपोटी त्या सूपाचा एक व्हिडिओ पाहिला. एक सोनेरी केसांची बाई हसत हसत त्यात चिरलेले गुर्दे टाकत होती. मी फोन पालथा ठेवला आणि देवापुढं दिवा लावला. सुमित शपथेवर सांगत होता की आम्ही पोरं बिनगुर्द्याचंच करायचो, पण त्या दिवसापासून मी त्या सूपावर खार खाऊन होते.

हे सूप अंबडच्या घरातच विसरलं गेलं असतं. पण सुमितसाठी वाटूरचं स्थळ आलं. मुलीचं नाव ऋतुजा, गुरांची डॉक्टर. घर चांगलं, शेतीवाडी चांगली, पण मुलगी स्पष्ट बोलणारी. आधीची दोन स्थळं तिनं स्वतः मोडली होती. एकानं कंत्राटी नोकरी कायमची म्हणून सांगितली होती, दुसऱ्यानं मोठ्या भावाचं घर स्वतःचं म्हणून दाखवलं होतं. "आमच्या पोरीला बाकी काही बी चालतं, खोटं बिलकुल चालत न्हाई," असं तिच्या आईनं आम्हाला पाणी देतानाच सांगून टाकलं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी माझ्या लोणच्याची एक बरणी नेली होती. ती ऋतुजाच्या आईच्या हातात देऊन मी कलौंजीचा सगळा इतिहास सांगितला. माणसं गप्प बसून ऐकत होती, म्हणून मी मेथी तळण्याबद्दलही सांगितलं. तिकडं सुमित आणि ऋतुजा अंगणात बोलत होते. मुलगी त्याच्या मनात भरली, इतकी की घरी पोचल्यावर कोणी न सांगता त्यानं स्वतःची खोली आवरली. सुमननं ती आवरलेली खोली पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही वाटूरहून निघताना मात्र ऋतुजानं सगळ्यांसमोर एक गोष्ट मांडली होती. तिचं काम गुरांचं. गाय अडली की ती समोरची भाकरी टाकून पळते. घरी कधी येईल याचा नेम नाही. तेव्हा दोघांपैकी जो आधी येईल त्यानं गॅस पेटवायचा, असं तिचं म्हणणं.

"मला येतो की स्वयंपाक," सुमित म्हणाला. "तिकडं इतकी वर्षं माझं मीच करून खाल्लंय."

"मंग खाऊ घाला एकदा," ऋतुजा म्हणाली. "दुसऱ्या कोणी हात लावायचा न्हाई. मंग ठरवू."

काय करणार, असं तिच्या आईनं विचारलं, आणि आमच्या शहाण्यानं पिठलं म्हणायचं सोडून रसोल्निक म्हटलं.

होळीनंतरच्या एका रविवारी ती मंडळी अंबडला यायची ठरली. मी शनिवारीच जाऊन पोचले. पुरुषाच्या हातात स्वयंपाक आणि सुमनच्या हातात देखरेख, म्हणजे लग्न मोडल्यातच जमा, असं माझं स्वच्छ मत होतं. गेल्या गेल्या मी स्वयंपाकघराची तपासणी केली. ओट्यावर एक काचेची बरणी होती. तिच्यात काकड्या, लसणाच्या पाकळ्या आणि शेपूच्या काड्या, आणि पाणी तर असं, की नळाला आलं असतं तर लोकांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला असता. वर पांढरी साय धरलेली. झाकण काढलं तर वास थेट कपाळात गेला. सुमितनं त्या काकड्या चांगल्या आठवडाभर आधी आंबवायला घातल्या होत्या आणि रोज बरणीकडं कौतुकानं बघत होता म्हणे. शेजारी एका पातेल्यात गहू भिजत होते. पाहुणे तोंडावर आलेले आणि सुमननं कुरडयांसाठी गहू भिजवले होते! मी तिला बोलायचं ते बोलले. ती "ताई, ते गहू…" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मला गहू ओळखू येतात.

रविवारी सकाळी सुमितनं बटाटे आणि गाजर चिरून ठेवले (तुकडे एकसारखे होते, पण ते मी बोलून दाखवलं नाही). तिकडं सूपावर आंबट साय घालतात म्हणे, तिच्याऐवजी दही बांधून चक्का काढला. आता तो गॅस पेटवणार, तेवढ्यात ऋतुजाच्या वडलांचा फोन आला. त्यांची गाडी वाटूरच्या पुढं रस्त्यातच बंद पडली होती. रविवार असल्यामुळं मिस्त्री मिळत नव्हता. आणायला जाणं भाग होतं. प्रल्हादला गाडी चालवता येते, पण फक्त पुढं, मागं घेता येत नाही. त्यामुळं सुमितच निघाला.

"आत्या, कशाला बी हात लावू नको," जाताना तो म्हणाला. "मी आल्यावर करतो. जल्दी येतो."

मी कशालाही हात लावला नाही. फक्त सुमनला सांगितलं, की ते नासकं पाणी काकड्यांसकट टाकून दे. उद्या डॉक्टरच्या घरात पाहुण्यांना विषबाधा झाली तर दवाखान्याच्या पाटीचं काय होईल? सुमन तिथंच उभी राहिली.

"ताई, त्यानं लई जपून ठेवलंय…"

"टाकून दे म्हणलं ना."

तिनं बरणी उचलली आणि मागच्या दारानं गेली. मी ओटा पुसला. घरात पुन्हा माणसांचा वास यायला लागला.

दुपार व्हायला आली तरी गाडीचा पत्ता नव्हता. मग सुमितचा फोन आला. रेंज अशी, की अर्धे शब्द वाटेतच उतरून जात होते. मला जे ऐकू आलं ते असं: "आत्या… उशीर होऊन राह्यला… जव श… जत टाक… खार मी…" आणि फोन बंद पडला. मी परत लावला, तर लागला नाही.

मला त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. जवस शिजत टाक. खार, मीठ टाक. शेवटी पोराला माझी गरज लागली, आणि वेळेवर लागली. रशियन लोक सूपात जवस घालतात हे ऐकून मला नवल वाटलं नाही. जे काकडीचं पाणी पितात ते काहीही घालतील. आमच्या मराठवाड्यात जवसाला काय तोटा? सुमनच्या डब्यात चटणीसाठी भरपूर होतं. मी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि त्यात जवस ओतलं. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

"ताई, जव…" सुमन मागून म्हणाली.

"हो, जवसच घातलंय," मी म्हणाले.

ज्यांनी अख्खं जवस कधी शिजवलं नाही त्यांना सांगते, ते शिजत नाही, ते सुटतं. थोड्या वेळात पाणी बुळबुळीत झालं. मग दाट झालं. मग पळी उचलली की तिच्यामागून अख्खं पातेलं वर येऊ लागलं. मी पाणी वाढवलं. जवसानं ते पिऊन टाकलं. आणखी वाढवलं. मग पातेलं बदललं. शेवटी मी ते सणासुदीचं मोठं भगुणं काढायला लावलं. बटाटे आणि गाजर त्यात सोडले, तर ते बुडेनात. जिथं टाकले तिथंच बसून राहिले. मी सुमनकडं पाहिलं, सुमननं भगुण्याकडं पाहिलं.

सुगरण बाई अशा वेळी डगमगत नाही. मी लसणाची खमंग फोडणी दिली. ती वरच्या वर तरंगत राहिली, आत जायला तिला वाट सापडेना. मग आठवलं, चव खारात असते. माझ्या लोणच्याची एक बरणी सुमनकडं होतीच, चांगलं वर्षाचं मुरलेलं लोणचं. मी तिच्यातला लालभडक खार पळीपळीनं घातला. खारासोबत काही फोडीही गेल्या, जाऊ दिल्या. लोणच्याचं सूप म्हणतात तर त्यात लोणचं दिसायला नको? वरून चक्का घातला, तर तो फाटला आणि त्याचे पांढरे गोळे लाल चिकावर फिरू लागले. प्रल्हाद पाणी प्यायला आत आला, भगुण्यात डोकावला आणि प्रथमच काही न बोलता बाहेर गेला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

गाडी दारात थांबली. उन्हातान्हातून आलेली, भुकेनं कावलेली माणसं. सुमितच्या शर्टाला ग्रीस लागलेलं. ऋतुजाच्या आईनं चप्पल काढता काढता विचारलं, की आता स्वयंपाक कधी व्हायचा? मी सुमितला तोंड उघडू दिलं नाही.

"झालाय की!" मी म्हणाले. "सुमितनं पहाटेच सगळं करून ठेवल्तं. मी फक्त गरम केलं."

सुमितनं माझ्याकडं पाहिलं. त्याला काही कळेना. मला वाटलं, केवढी युक्ती केली मी. पोराला वाचवलं.

पंगत बसली. मी स्वतः वाटग्यांमध्ये वाढलं. वाढताना पळी तोडावी लागत होती, म्हणजे सूप सुटायला तयार नव्हतं. पहिला घास ऋतुजाच्या वडलांनी घेतला. मोठा सज्जन माणूस. त्यांनी तोंडातला घास खाली उतरवला, वर पाणी घेतलं, आणि पुन्हा घास घेतला. ऋतुजाची आई वाटग्यात चमचा फिरवत बसली. सुमितनं एकदा वाटग्याकडं, एकदा सुमनकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. आता मला जरा समजायला लागलं. तो जर म्हणाला 'मी केलं', तर ते खोटं. तो जर म्हणाला 'मी केलं नाही', तर आत्या दारातच खोटं बोललेली. आणि त्या मुलीला दुसरं काहीही चालत होतं.

ऋतुजानं चमचा वर उचलला. त्याला लांबच लांब तार सुटली. तार तुटेपर्यंत ती शांतपणे पाहत राहिली.

"ह्यात जवस हाय," ती म्हणाली. "म्हशीचं पोट साफ होईना की आम्ही असंच शिजवून पाजायला सांगतो."

तिच्या वडलांचा चमचा तोंडाजवळ थांबला. ते अर्ध्याहून जास्त खाऊन बसले होते.

मग तिच्या आईला चमच्यात काहीतरी टणक लागलं. तिनं ते बोटांनी वर काढलं. कैरीची फोड, कोयीच्या कवचासकट. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. फोडीला काळे दाणे चिकटले होते. तिनं एक दाणा दाताखाली धरला, आणि माझं सगळं आयुष्य मला समोर दिसायला लागलं.

"आत्याबाई, ही तर तुमची कलौंजी," ती म्हणाली. "जिल्ह्यात दुसरीकडं मिळत न्हाई म्हणल्ता ना तुम्ही."

प्रल्हाद पंख्याकडं पाहत होता. ऋतुजानं वाटगा बाजूला सरकवला आणि सरळ सुमितला विचारलं, "हे तुम्ही केलं का?"

सुमित उत्तर देण्याआधीच दारातून आवाज आला. तो कोणाचा हे मला क्षणभर ओळखूच आलं नाही, कारण त्या आवाजात ते माणूस माझ्यासमोर कधी बोललेलंच नव्हतं.

"माझं लेकरू खोटं बोललेलं न्हाई," सुमन म्हणाली. "त्याला मधातच तुम्हाला आणाया जावं लागलं. हे ताईंनी केलंय, आन बोलल्या बी ताईच. त्याचं सामान जसंच्या तसं हाय. मी टाकलंच न्हाई."

ती आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून ती काचेची बरणी घेऊन आली. काकड्या, शेपू, गढूळ पाणी, सगळं होतं. दुसऱ्या हातात ते भिजवलेल्या गव्हाचं पातेलं होतं. गहू नव्हतेच ते. जव होते. ऋतुजानं दोन दाणे चिमटीत धरून पाहिले आणि माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आत्या, मी म्हणल्तो, जव शिजत टाक," सुमित हळूच म्हणाला. "आन खार मी येऊन टाकतो म्हणल्तो."

खार, मी. खार, मीठ. एका अक्षरानं माझा घात केला. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी म्हणाले, "मीच केलं, आणि बोलले बी मीच. पोराचा दोष न्हाई." हे वाक्य म्हणताना मला किती जड गेलं ते मलाच माहीत. ते भगुणं उचलणंही त्यापुढं सोपं होतं.

ऋतुजानं बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, एक काकडी काढून कटकन तोडून खाल्ली, आणि दुसरा तुकडा सुमितच्या हातावर ठेवला. "चला," ती म्हणाली. "आता माझ्यासमोर करा. बटाटे मी चिरते."

मी उठायला लागले तर ऋतुजाच्या आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "तुम्ही बसा, लई दमल्या असाल," ती म्हणाली, आणि ते प्रेमानं म्हटलं होतं की कसं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या घरात मी पहिल्यांदाच पुरुषांबरोबर बाहेरच्या खोलीत बसले. आतून कुकरच्या शिट्या ऐकू येत होत्या, मग हसण्याचा आवाज, मग पुन्हा हसण्याचा आवाज, आणि त्यात एक आवाज सुमनचा होता. सुमन हसते हे मला माहीत नव्हतं. ऋतुजाचे वडील तोवर दोनदा मागच्या अंगणात जाऊन आले. दुसऱ्या खेपेला येताना त्यांचा चेहरा अतिशय प्रसन्न होता.

मग ते खरं रसोल्निक आलं. पातळ, फिकट, वर हिरवा शेपू. ना तर्री, ना रंग. मी नावं ठेवायची पूर्ण तयारी करून घोट घेतला. आंबट, खारट, मधूनच दाताखाली येणारे मऊ जव, आणि शेवटी शेपूचा वास. वाईट नव्हतं. (बरं, चांगलं होतं. पण हे मी फक्त इथं लिहिते आहे.) ऋतुजानं वाटगा रिकामा केला, पुन्हा मागून घेतलं, आणि सुमितकडं न बघता आपल्या आईला म्हणाली, "जमतंय ह्यांना." सुमनच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. मी म्हटलं, फोडणी असती तर आणखी… आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं, म्हणून वाक्य तिथंच सोडलं.

लग्न झालं. छान चाललंय दोघांचं. जो आधी येतो तो गॅस पेटवतो. माझं भगुणं त्या दिवशी प्रल्हादनं मागच्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं, लोणचं न लागलेला खालचा थर शेजाऱ्यांच्या म्हशीनं खाल्ला, आणि बरेच दिवस अडलेलं तिचं काम झालं. ही बातमी ऋतुजानंच गावोगाव नेली. आता आठवड्यातून तिचा एखादा फोन तरी येतो. कधी घनसावंगीकडच्या एखाद्या गोठ्यातून, कधी वाटूरच्या.

"आत्याबाई, एक म्हैस चार दिवसांपासून बसून हाय. जवस किती घालायचं, किती दाट करायचं, सांगा बरं ह्या म्हशीवाल्यांना. तुमच्यासारखं बराबर कोणाला जमत न्हाई."

मी सविस्तर सांगते. पाणी किती, आंच किती, पळी उचलली की तार कुठपर्यंत यायला हवी, सगळं. सुगरण म्हणून जिल्ह्यात नाव व्हावं ही माझी जन्माची इच्छा होती, ती पुरी झाली. माझ्या हातचं खाऊन आजपर्यंत एकाही म्हशीनं नाव ठेवलेलं नाही, आणि फोडणी नको असंही कोणी म्हटलेलं नाही.